ग्वाल्हेरला समुद्र कुठे?

गेल्या वर्षीची गोष्ट. ऑफिसात एक पत्र माझ्या टेबलावर आले. विषय रुक्षच होता, जीवरक्षक आणि मोटरबोट चालवणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा. पत्र आमच्याच गोव्यातल्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेचे. पण माथ्यावर तिच्या मूळ संस्थेचे नाव होते आणि त्या नावापुढे गाव होते ग्वाल्हेर! आवक वहीत नोंद करता करता मी थबकलो. पत्र शेजारच्या टेबलावर सरकवले. सहकाऱ्याने चष्मा कपाळावर चढवला, पत्र वाचले आणि म्हणाला, "ग्वाल्हेरांत दर्या खंय आसा रे?"

सगळे हसले. मीही हसलो आणि पत्राला जावक क्रमांक शोधू लागलो.

तसे पाहिले तर यात गूढ काही नाही. पर्यटनाचे शिक्षण देणारी केंद्र सरकारची एक संस्था आहे, भारतीय पर्यटन व प्रवास व्यवस्थापन संस्था. ती १९८३ साली स्थापन झाली आणि तिचे मुख्यालय ग्वाल्हेरला आहे. आमच्याकडची जलक्रीडा संस्था १९९० ची. २००४ साली ती ग्वाल्हेरच्या संस्थेत सामील झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिच्या नव्या वास्तूचे लोकार्पणही झाले. म्हणजे आमच्या किनाऱ्यावर लाटांत उड्या मारणाऱ्या पोरांच्या प्रमाणपत्राचे मूळ तिकडे चंबळच्या मुलखात! सरकारी कारभारात असे चालायचेच. पण सहकाऱ्याचा प्रश्न काही माझ्या डोक्यातून जाईना.

योगायोग असा की त्याच डिसेंबरात ग्वाल्हेरला जाण्याचा योग आला. तानसेन समारोह ऐकायची इच्छा कॉलेजात असल्यापासूनची. ग्वाल्हेर गायकीची मुळे जिथे आहेत ती जागा एकदा पाहायची होती. उतरलो लष्कर भागातल्या एका मराठी कुटुंबात, ओळखीच्या ओळखीने. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ जिथे पडला तेच हे लष्कर. घरातले काका निवृत्त शिक्षक. त्यांचे मराठी ऐकायला मोठे गोड, मधूनच हिंदीचा हात धरून चालणारे. रात्री जेवताना मी त्यांना पत्राची गंमत सांगितली.

काका हसले नाहीत. भाकरी मोडत म्हणाले, "समुद्र नाही, बरोबर आहे. पाण्याचं म्हणाल तर आमच्याकडे तिघरा तलाव. पण जहाज होतं हो आमच्याकडे. एक नाही, दोन!"

दुसऱ्या दिवशी जयविलास राजवाड्यात मी ती चांदीची आगगाडी पाहिली. जेवणाच्या टेबलावर पाहुण्यांपुढून फिरणारी, डब्यांवर इंग्रजीत सिंदिया ही अक्षरे मिरवणारी. तिच्यापुढे उभा असताना माझ्या डोक्यात मात्र काकांची जहाजे होती. गोव्याला परतल्यावर वाचनालयात बसून जमेल तेवढे वाचून काढले. ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

ज्यांची ही गोष्ट ते माधवराव शिंदे म्हणजे १८८६ साली गादीवर आलेले आणि १९२५ साली वारलेले महाराज. (अलीकडच्या केंद्रीय मंत्री माधवरावांचे हे आजोबा.) यंत्रांची भारी आवड असलेला माणूस. १९०० साली चीनमध्ये बॉक्सर बंड झाले. तिकडे जाणाऱ्या इंग्रज फौजेसाठी त्यांनी स्वतःच्या खर्चाने एक रुग्णालय-जहाज सज्ज करून दिले. जहाजाचे नाव 'ग्वाल्हेर'. महाराज स्वतःही चीनला जाऊन आले.

दुसरे जहाज अधिक प्रसिद्ध आहे. इंग्लंडमधल्या बॅरो इथे १८९० साली ते पाण्यात उतरले. नाव 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. जवळजवळ सहा हजार टनांचे, उतारूंचे देखणे जहाज. वीस-बावीस वर्षे ते कॅनडातल्या व्हँकुव्हरपासून हाँगकाँगपर्यंत पॅसिफिक महासागरात फेऱ्या मारत होते. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर १९१४ च्या डिसेंबरात ग्वाल्हेरच्या महाराजांनी ते विकत घेतले आणि त्याचे रुग्णालय-जहाज झाले. १९१५ च्या जानेवारीत त्याचे नाव ठेवले 'लॉयल्टी', म्हणजे राजनिष्ठा. कोणाविषयीची निष्ठा हे सांगायला नकोच!

युद्ध संपले. जहाज रिकामे झाले. आता गंमत पाहा. १९१९ च्या मार्चमध्ये हेच जहाज सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांचे भागीदार नरोत्तम मोरारजी प्रभृतींनी स्थापन केलेल्या नव्या कंपनीने घेतले. ज्यांचे जहाज त्यांचेच नाव कंपनीला दिले, सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी. हिंदी माणसांच्या मालकीची, इंग्रज कंपन्यांच्या मक्तेदारीला तोंड देणारी ही कंपनी. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली. राजनिष्ठेचे नाव घेतलेले जहाज स्वदेशीचे जहाज ठरले! १९६४ पासून ५ एप्रिल हा आपल्या देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात तो याच प्रवासामुळे. आपल्याकडे ज्या दिवसाला शुभेच्छांच्या जाहिराती छापून येतात, त्याच्या मागे ग्वाल्हेरचे जहाज उभे आहे.

आणि त्या जहाजाचे पुढे काय झाले?

काही नाही. १९२१ पासून ते मुंबई बंदरात पडून राहिले. १९२३ साली भंगारवाल्याला विकले आणि मुंबईतच तोडले. ज्या जहाजाच्या नावाने आपण सागरी दिन पाळतो, त्याच्या प्रवासाची तारीख उरली, जहाज संपले.

हे वाचल्यावर मी आमच्या पाण्यातल्या जहाजांची आठवण काढू लागलो. १८ डिसेंबर १९६१ या दिवशी मुरगावच्या पाण्यात भारतीय नौदलाच्या जहाजांशी लढलेले पोर्तुगीजांचे 'अफोन्सो द अल्बुकेर्क'. जखमी अवस्थेत ते दोनापावल-बांबोळीच्या बाजूला काठावर चढवले गेले. घरातल्या थोरांकडून मी लहानपणी त्याचे वर्णन ऐकले आहे. तेही पुढे मुंबईला ओढून नेले आणि तोडले. त्याच लढाईच्या वेळी गोव्याबाहेरच्या समुद्रात गस्त घालणारी आपली 'विक्रांत'. १९९७ साली सेवेतून निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईला संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि २०१४ साली भंगारात गेली. तिच्या पोलादाचा काही भाग एका मोटरसायकलच्या टाकीत गेला, हे तुम्हाला आठवत असेल. गोवामुक्तीचा एक साक्षीदार आज पणजीच्या सिग्नलला एखाद्याच्या दोन मांड्यांमध्ये उभा असेल, सांगता येत नाही!

मग 'विराट'. मार्च २०१७ मध्ये ती निवृत्त झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने ठरवले की तिला सिंधुदुर्गात निवतीच्या खडकांजवळ आणून उभे करायचे, संग्रहालय करायचे. खर्चाचा अंदाज ८५२ कोटी. ते झाले नाही. २०२० साली ती गुजरातेत अलंगला तोडायला गेली. मग आमच्या गोव्यात, जुवारीच्या मुखाशी तिला आणून ठेवण्याचा एका कंपनीचा प्रस्ताव पुढे आला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पण तोवर तोडकाम बरेच पुढे गेले होते आणि २०२१ साली तो विषय मिटला.

जहाज तोडण्यात वाईट काही नाही. लोखंड पुन्हा कामाला येते, हजारो हातांना काम मिळते. माझे म्हणणे वेगळे आहे. जुन्या जहाजाचे काय करायचे हा प्रश्न आपल्याकडे नेहमी फार उशिरा विचारला जातो. जहाज आधी निवृत्त होते, मग गंजते, मग आपण सभा घेतो.

तिसरा एक मार्ग जगात बऱ्याच ठिकाणी रुळला आहे. जहाज स्वच्छ करायचे आणि विचारपूर्वक जागा निवडून समुद्राच्या तळाशी बसवायचे. म्हणजे कृत्रिम प्रवाळभित्ती करायची. मग तिथे मासे येतात आणि त्यांच्यामागून पाठीवर हवेची टाकी बांधलेली माणसे येतात.

हा प्रकार नेमका काय असतो ते डोळ्यांनी पाहावे म्हणून वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी मी स्कुबा डायव्हिंगला गेलो. घरी हिने आधी वेड्यात काढले, मग विम्याचे कागद कुठे ठेवले आहेत ते विचारून घेतले. पावसाळा संपून पाणी निवळले होते. मुरगावच्या समोरच्या ग्रँड आयलंडला बोट गेली. तिथे पाण्याखाली जुन्या जहाजाचे अवशेष आहेत आणि हौशी पाणबुडे वर्षानुवर्षे तिथे जातात.

बोटीवर एका पोराने तासभर शिकवले. पोर माझ्या मुलाच्या वयाचे, पण मास्तर म्हणून कडक. तोंडाने सावकाश श्वास घ्यायचा, श्वास कधीही रोखून धरायचा नाही. कान दुखू लागले की नाक चिमटीत धरून हळूच फुंकर मारायची. अंगठा वर केला तर त्याचा अर्थ 'छान' असा नाही, 'मला वर जायचे आहे' असा होतो. हे मी दोनदा विसरलो आणि दोनदा वर आलो! दहा मीटर खाली गेले की अंगावरचा दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. आम्ही तितके खोल गेलो नाही. सात-आठ मीटरांवरच माझे पाणी मला कळले.

मला वाटले होते की सिनेमात दिसते तसे जहाज दिसेल. नाळ, डोलकाठी, खिडक्या. गोव्याचे पाणी तसे नाही. नद्यांचा गाळ घेऊन येणारे, हिरवट. चार हातांपलीकडचे धूसर. मी लोखंड शोधत होतो आणि लोखंड कुठे दिसेना. सगळीकडे खडकच खडक, शेवाळ, कालवे, शिंपले. मास्तरने हाताने एक कड दाखवली. कड सरळ होती. तेव्हा उलगडा झाला. समुद्राच्या तळाशी इतकी सरळ रेघ कोणी ओढत नाही, ती माणसाचीच. त्या रेघेच्या मागे हाताने चाचपत गेलो तर जहाजाचा पत्रा होता, आणि पत्र्याखालच्या अंधारातून एक भला थोरला गोबरा माझ्याकडे बघत होता. बाजारात बर्फावर पडलेला गोबरा मी शेकडो वेळा पाहिला असेन. पण त्याने माझ्याकडे बघण्याची ती पहिलीच वेळ.

हे घडते कसे? आपल्या किनाऱ्याजवळचा तळ बराचसा वाळूचा आणि चिखलाचा. तिथे चिकटून वाढणाऱ्या जीवांना धरायला काही नसते. कठीण वस्तू पडली की काही दिवसांतच तिच्यावर सूक्ष्म जीवांचा बुळबुळीत थर येतो. मग शेवाळ धरते, बार्नेकल चिकटतात, कालवे बसतात, नळ्या करून राहणारे किडे, स्पंज, मऊ प्रवाळ असे एकामागून एक बिऱ्हाडकरू येतात. त्यांना खायला छोटे मासे, छोट्यांना खायला मोठे. कपारीत राहणारे गोबरे आणि तांबसे तर अशा जागांवर खूश असतात. चाळीत एक खोली भाड्याने गेली की बाकीच्या जायला वेळ लागत नाही, तसेच हे.

शास्त्रज्ञांमध्ये मात्र एक वाद आहे आणि तो ध्यानात ठेवण्यासारखा आहे. अशा जागी मासे वाढतात की आजूबाजूचे मासे केवळ गोळा होतात? गोळाच होत असतील तर मासेमारी करणाऱ्याला ते एका जागी आयते सापडतील आणि उलट लवकर संपतील. म्हणून नुसते जहाज बुडवून भागत नाही. तिथे कोणी मासे धरायचे, कोणी धरायचे नाहीत, हेही ठरवावे लागते.

बुडवायच्या आधीची तयारी तर मोठीच. तेल, ग्रीस, जुन्या रंगातली विषारी द्रव्ये, वायरी, अॅसबेस्टॉस हे सगळे खरवडून काढायचे. दारे काढायची, भोके पाडायची, म्हणजे आत शिरलेल्या पाणबुड्याला उजेड दिसेल आणि बाहेर पडायला वाट मिळेल. अमेरिकेत फ्लोरिडाच्या समुद्रात २००६ साली 'ओरिस्कानी' नावाची अख्खी विमानवाहू नौका अशी बसवली. ती बुडाली ३७ मिनिटांत, पण तिच्या सफाईचे काम त्याआधी कितीतरी महिने चालले होते आणि त्यावर कोट्यवधी डॉलर खर्च झाले.

त्याच फ्लोरिडात उलटे उदाहरणही आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे प्रवाळभित्ती करायची म्हणून सुमारे २० लाख जुने टायर समुद्रात टाकले. हेतू चांगला होता. टायर एकत्र बांधणारे पट्टे तुटले, वादळात टायर मोकळे सुटले आणि जवळच्या खऱ्या प्रवाळांवर जाऊन आपटले. ते उचलण्याचे काम पुढच्या पिढीच्या गळ्यात पडले.

आम्हा गोवेकरांना इतक्या दूर जायची गरज नाही. ६ जून २००० रोजी कांदोळीच्या किनाऱ्यावर वादळात येऊन रुतलेले 'रिव्हर प्रिन्सेस' कोण विसरेल? जवळजवळ एक तप ते तिथे होते. वाळू सरकली, किनारा खचला, विधानसभेत प्रश्न झाले, निविदा निघाल्या. तेही जहाजच होते, तेही पाण्यातच होते. पण त्याची प्रवाळभित्ती झाली नाही, भंगार झाले. का? जागा त्याने स्वतः निवडली होती आणि तयारी कोणीच केली नव्हती. निव्वळ अपघाताने उभे राहिलेले लोखंड आणि विचार करून बसवलेले लोखंड यांत एवढा फरक आहे.

दुसरी एक गोष्ट पाणबुड्यांनी विसरू नये. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला जाणारी 'रामदास' बोट बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणातल्या कितीतरी घरांत गटारी अमावास्येला आजही तिची आठवण निघते. बुडालेले प्रत्येक जहाज ही सहलीची जागा नव्हे. काहींवर नुसता हात जोडावा आणि वरून जावे.

आणि काही बुडालेली जहाजे म्हणजे वाचायची पुस्तके असतात. हे आम्हाला कोणी शिकवले असेल तर दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या पाणबुड्या संशोधकांनी. मुरगावच्या खाडीच्या तोंडाशी सुंची रीफ म्हणून खडकांची रांग आहे. तिथे त्यांना सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळातल्या जहाजाचे अवशेष मिळाले. हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी, तोफा. आफ्रिका आणि चीन आमच्या दारात एकाच खडकावर फुटलेले! ग्रँड आयलंडच्या बाजूच्या सेंट जॉर्ज रीफजवळ कौले आणि विटा सापडल्या, त्यांवर बासेल मिशनच्या कारखान्याचा १८६५ सालचा शिक्का. मंगळुरी कौलांखाली ज्यांचे बालपण गेले त्या आम्हाला हा शिक्का म्हणजे घरचाच.

ही जहाजे आपल्याला काही सांगू शकली, कारण ती तोडली गेली नाहीत. 'लॉयल्टी' तोडली गेली म्हणून तिच्याविषयी आपल्याला फक्त कागद सांगतात. मी कागदाचा माणूस आहे, कागदाला कमी लेखणार नाही. पण कागद जे लिहिले तेवढेच सांगतो. पाणघोड्याचा दात कुठल्या आवक वहीत नोंदवला होता?

आता पुन्हा निवतीकडे येतो. जिथे 'विराट' येणार होती आणि आली नाही, तिथे दुसऱ्या जहाजाचे नाव निघाले आहे. 'गुलदार'. हिंदीत गुलदार म्हणजे बिबट्या. पोलंडमध्ये बांधलेले, रणगाडे आणि सैनिक थेट किनाऱ्यावर उतरवणारे हे नौदलाचे जहाज. ३० डिसेंबर १९८५ ला सेवेत आले, १२ जानेवारी २०२४ ला पोर्ट ब्लेअर इथे निवृत्त झाले. लांबी सुमारे ८४ मीटर, वजन ११२० टन. २०२५ साली नौदलाने ते महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या स्वाधीन केले. त्याला स्वच्छ करून निवतीच्या खडकांजवळ समुद्रतळावर बसवायचे, त्याची कृत्रिम प्रवाळभित्ती आणि पाण्याखालचे संग्रहालय करायचे, असा हा प्रकल्प. केंद्र सरकारने त्यासाठी ४६.९१ कोटी रुपये मंजूर केले. 'विराट'च्या आकड्याशेजारी हा आकडा लहान दिसतो आणि मला वाटते तेच त्याचे बळ आहे.

जागाही अशी की इतिहासाला कंटाळा येऊ नये. वर मालवणला शिवछत्रपतींचा सिंधुदुर्ग. विजयदुर्गासमोर दूर खोल समुद्रात आंग्रिया बँक, म्हणजे कान्होजी आंग्र्यांच्या नावाची खरीखुरी प्रवाळभित्ती, कोणी न बांधलेली. आणि खाली आम्ही. निवती पणजीपासून फार दूर नाही. सकाळी निघालेला गोवेकर दुपारच्या जेवणाला घरी परत येऊ शकेल.

पण एक कारकून म्हणून मला काही प्रश्न पडतात, ते लिहून ठेवतो. जहाज बुडवणे हे एका दिवसाचे काम. त्या दिवशी मंत्री येतील, कॅमेरे येतील, फोटो छापून येतील. दुसऱ्या दिवसापासून त्याची फाइल कोणाच्या टेबलावर? दर पावसाळ्यानंतर खाली जाऊन पत्रा कुठे सुटला, जाळे कुठे अडकले हे पाहून कोण लिहून ठेवणार? रापण ओढणाऱ्या आणि छोट्या होड्यांतून जाळी टाकणाऱ्या निवतीच्या माणसांना त्यांच्या पाण्याबद्दल कोणी विचारले, आणि विचारले तर त्यांचे उत्तर कुठल्या पानावर आहे? पाणबुड्यांकडून मिळणाऱ्या पैशातला त्यांचा वाटा कोण ठरवणार? गुलदारची नौदलातली नोकरी अडतीस वर्षांची झाली. तळाशी बसल्यावरची नोकरी त्याहून लांब असणार. माणसाला निवृत्तीनंतर वर्षातून एकदा तरी हयातीचा दाखला द्यावा लागतो. जहाजालाही तो असावा.

हे प्रश्न विरोधाचे समजू नका. हे जहाज बसावे असे मला मनापासून वाटते. शंभर वर्षांपूर्वी 'लॉयल्टी' भंगारात गेली तेव्हा दुसरे काही करता येते हे कोणाला माहीत नव्हते, त्यांना दोष नाही. आज आपल्याला माहीत आहे. माहीत असून पुन्हा दुसरी 'रिव्हर प्रिन्सेस' केली, तर तो दोष आपला. आणि तळाशी उतरून हे सगळे जपायचे तर त्यासाठी शिकलेली माणसे लागतील. त्यांतली काही आमच्याच किनाऱ्यावरच्या त्या संस्थेत शिकतील, जिचे मूळ ग्वाल्हेरला आहे. ज्या गावाने देशाला हे स्वदेशी जहाज पुरवले, त्या गावाचा पत्ता जलक्रीडा संस्थेच्या पत्रावर असावा यात आता मला काही विचित्र वाटत नाही.

मध्यंतरी काकांना फोन केला होता. गुलदारची हकीकत सांगितली. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, "आणि त्याच्यावर काय बसतं म्हणालात, शिंपले?"

"शिंपले, कालवे, स्पंज. गोबरा म्हणून एक मासाही येतो."

"मला पोहता येत नाही हो," काका म्हणाले. "पण बोटीवर बसून राहीन. तुम्ही खाली जा आणि वर येऊन सांगा काय दिसलं ते."

मी हो म्हटले आहे. आता हिला सांगायचे राहिले आहे.